गामा सांगायचा राहिला

आमच्या आईला थायरॉईड झालाय हे वर्षभर कुणाला कळलंच न्हाई. कामून, तर आई आधीपासूनच तशी होती. सारखी पळायची, सारखी भांडायची, घाम पुसत चौघांचं काम एकटी करायची. छाती धडधडायलीय म्हणली की अप्पा इचारायचे, "आज कुणाशी भांडून आलीस?"

बारा किलो वजन उतरलं तवा बिदरला दाखवलं. बिदरनं हैदराबादला धाडलं. हैदराबादच्या डॉक्टरनं सांगितलं की गळ्यातली ग्रंथी हद्दीच्या बाहेर काम करायलीय, तिला जरा मारावं लागंल. औषध एकच सांगितलं. किरणोत्सारी आयोडीन. एक डोस प्यायचा, घरी जायचं.

"पण एकवीस दिवस बाजूला राहायचं," डॉक्टर म्हणले. "लहान लेकरू आणि गरोदर बाई, ह्यांच्या जवळ तर बिलकुल जायचं न्हाई."

आई माझ्याकडं बघितली. मी आईकडं.

कारण डोसपासून अकराव्या दिवशी ताईचा कुबसा होता.

श्रीदेवी ताई माझी थोरली बहीण, संतपूरला दिलीय. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर पहिल्यांदा दिवस गेलेले. आमच्याकडं डोहाळजेवणाला कुबसा म्हणतात. सातव्या महिन्यात लेकीला माहेरी आणायचं, हिरवं नेसवायचं, ओटी भरायची. पहिली ओटी आईची. आई नसली तर चुलतीची.

आणि चुलती म्हणजे बाणूबाई.

बाणूबाई मोठ्या काकाची बायको, मी तिला मोठीआई म्हणतो. तिला पाच नातवंडं. ह्या आठ वर्षात ती गावात चार ठिकाणी बोललेली की, "जगदेवीच्या हातालाच गुण न्हाई, म्हून लेकीची कूस उजवंना." चारी ठिकाणाहून ते आईच्या कानावर आलतं. आमच्या कमठाणा गावात असंच असतंय, बातमीला मोटरसायकल लागत न्हाई. तवापासून आईनं मनात एकच धरलेलं, लेकीची पहिली ओटी माझ्या हातानं, बाणूबाईच्या डोळ्यादेखत. हिरवं लुगडं तर तिनं दोन वर्षं आधीच घेऊन पेटीत ठेवलेलं.

मी डॉक्टरला म्हणलो, डोस महिनाभर पुढं ढकला. ते म्हणले, एक तर रोग थांबत न्हाई. दुसरं, औषध हिच्या नावानं मागवलंय आणि ते ठेवून चालत न्हाई, आठ दिवसात अर्धं हून जातंय. ताईच्या सासूला, सिद्धव्वाला फोन केलो की कुबसा पुढं ढकला. ती म्हणली, "आठव्या महिन्यात ओटी भरत न्हाईत. सातवा अमावस्येला सरायलाय." एकीकडं अणू ऐकंना, एकीकडं ईनबाई ऐकंना.

आई डोस प्याली. गाडीच्या मागच्या सीटवर एकटी बसून आली. घरी न येता सरळ शेतात उतरली, मेंढरांच्या वाडग्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत. ताट वेगळं, तांब्या वेगळा, कपडे वेगळे.

अप्पांनी पहिलं काम काय केलं, तर वाडग्यातल्या नऊ गाभण मेंढ्या हाकून मोठीआईच्या अंगणात नेऊन बांधल्या.

आई खोलीतनं ओरडली, "मेंढ्यांची काळजी हाय, माझी न्हाई व्हय?"

"तुझी कसली काळजी?" अप्पा म्हणले. "किरण तर तूच सोडायलीस."

आता मी माझं सांगतो. मी नौबादला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला हाय. पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावी-बारावीला होतो, फिजिक्समध्ये दोनदा गेलो. एकदा सतरा मार्क, एकदा पंधरा. म्हणजे अभ्यास केला तवा दोन कमीच पडले. पण नंतर दुकानात गिऱ्हाईक नसलं की फोनवर फिजिक्सचे व्हिडिओ बघायचा नाद लागला, आणि परीक्षा नसल्यामुळं सगळं समजायलं. अणू, केंद्रक, सगळं. सांगायला माणूस मात्र कुणी मिळंना. त्यामुळं आई शेतात एकटी बसलीय, अप्पा बांधावर बसलेत आणि दोघंबी इचारायलेत की हे औषध नेमकं करतंय काय, असं झालं तवा मला लई बरं वाटलं. खोटं कामून बोलू.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बांधावर उभा राहून चालू केलो.

"अप्पा, असं समजा, अणूच्या मधात एक वाडगं असतंय. त्याला केंद्रक म्हणतात. त्यात दोन जातीची जनावरं. प्रोटॉन म्हणजे शेरडं. न्यूट्रॉन म्हणजे मेंढरं."

"बरं."

"शेरडं एकमेकांना जवळ येऊ देत न्हाईत."

"न्हाईच देत. शिंगं मारतात."

"मंग त्यांच्या मधात मेंढरं पाहिजेत, शांत जनावर. मेंढरं हायत म्हून वाडगं टिकतंय. पण हिशोब बिघडला, मेंढरं जास्ती झाली न्हाईतर वाडगंच लई मोठं झालं, की ते टिकत न्हाई. फुटतंय."

अप्पांनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी बोललो आणि अप्पांनी मान हलवली.

"फुटायच्या तऱ्हा हायत. पहिली आल्फा. दोन शेरडं आणि दोन मेंढरं, चौघं एकमेकाला चिकटून कुपाटी तोडून बाहेर पडतात. वाडग्यात चार जनावरं कमी. आणि वाडग्याचं नाव शेरडांच्या मोजणीवर असतंय. ब्याण्णव शेरडं म्हणजे युरेनियम. दोन गेली, नव्वद राहिली, की नाव थोरियम."

"दोन शेरडं गेली म्हून नाव बदलतंय?" आई खोलीच्या दारातनं बोलली. "आमच्या घरातली बारा चोरीला गेली, आमचं आडनाव तेच हाय."

"दुसरी तऱ्हा बीटा. ही तुझ्या गळ्यात चालू हाय, आई. ह्यात कोण बाहेर जात न्हाई. वाडग्यातलं एक मेंढरू एकाएकी शेरडू होतंय."

अप्पा उठूनच उभे राहिले. "काय होतंय?"

"शेरडू."

"मेंढराचं?"

"व्हय."

"रव्या, मी साठ वर्षं मेंढरं राखायलोय. मेंढराचं शेरडू झालेलं मी बघितलं न्हाई, माझ्या बापानं बघितलं न्हाई."

"अप्पा, हे अणूतलं हाय."

"अणूतलं असू दे न्हाईतर नौबादचं असू दे. मेंढराचं शेरडू होत न्हाई."

कसंतरी समजावलो. मेंढराचं शेरडू होताना त्याच्या अंगावरचा एक गोचीड जोरात उडतो, तो बीटा. संगट अजून एक बारीक जीव जातोय, पण तो दिसतबी न्हाई, लागतबी न्हाई, त्याला सोडा. आईच्या आयोडीनच्या एकेका वाडग्यात त्रेपन्न शेरडं आणि अठ्ठ्याहत्तर मेंढरं. बीटा झाला की चौपन्न शेरडं, सत्त्याहत्तर मेंढरं. एकूण जनावरं तेवढीच, एकशे एकतीस. पण नाव बदललं. आयोडीनचं झेनॉन झालं. झेनॉन म्हणजे एक वायू, कुणात मिसळत न्हाई, कुणाशी संबंध ठेवत न्हाई.

"म्हणजे अक्कासारखा," आई म्हणली. ती बाणूबाईला अक्का म्हणते.

"आणि त्यो उडालेला गोचीड ग्रंथीला चावतोय. म्हून ग्रंथीचं काम कमी होतंय. हेच औषध."

"माझ्या गळ्यात गोचीड सोडायला हैदराबादला नेलास व्हय रे?"

मंग अर्धं आयुष्य सांगितलो. आज सोळा वाडगी असली तर आठ दिवसांनी आठ फुटलेली असतात, अजून आठ दिवसांनी चार राहतात, मंग दोन, मंग एक. अप्पांनी लगेच इचारलं, "आणि त्यानंतर? अर्धं वाडगं?"

"अर्धं फुटत न्हाई. फुटलं तर पूर्ण. पण कोणतं कवा फुटंल ते कुणालाच सांगता येत न्हाई."

"राखणाऱ्यालाबी?"

"राखणारा न्हाईच तिथं."

अप्पांना हे लई वाईट वाटलं. एवढी जनावरं आणि मालक न्हाई.

"मंग हे अडतंय कशानं?" आईनं इचारलं. आता मला वाटतंय, तिला सगळ्यातलं एवढंच ऐकायचं होतं.

"आल्फा साध्या कागदानं अडतो. बीटा जाड कापडानं, फळीनं, पत्र्यानं अडतो." आणि तेवढ्यात दुकानाच्या मालकाचा फोन आला की गिऱ्हाईक येऊन बसलंय, त्याचा डिस्प्ले मी कुठं ठेवलाय. मी बांधावरनंच गाडीला किक मारलो. तिसरी तऱ्हा, गामा, राहून गेली. उद्या सांगू म्हणलो. उद्या विसरलो. पंधरा मार्क असेच पडले न्हाईत मला.

त्यानंतर आठ दिवस आई गुमान राहिली. भांडली न्हाई. बाणूबाईचं नाव काढलं न्हाई. औषधाचा गुण एवढ्या लवकर येत न्हाई, एवढं तरी मला कळायला पाहिजे होतं.

कुबश्याचा दिवस आला. दारात मांडव. ताई हिरवं लुगडं नेसून पाटावर बसलेली, शेजारी सिद्धव्वा. बायका, पाहुणे, चटईवर लेकरं. मी पाटासमोर खुर्ची ठेवून तिच्यावर माझा फोन उभा केलता, आईला शेतातनं व्हिडिओवर दिसावं म्हून. कुणीतरी त्या फोनलाबी हळदीकुंकू लावलं. मी पुसलो, परत लावलं.

मोठीआई ताट घेऊन तयार होती. नवं लुगडं, नाकात नथ. तोंडावर दुःख, पण ते नीट बसत नव्हतं, सारखं घसरायलतं. "काय करावं बाई," ती म्हणायलती, "जगदेवीच्या नशिबातच न्हाई. मला काय हौस हाय का?"

फोनमध्ये बघितलो. खोली दिसायलती. आई दिसंना.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाला बायका बाजूला सरल्या.

भर उन्हात काळं घोंगडं चालत आलतं. डोक्यापासून पायापर्यंत घोंगडंच, वर फक्त दोन डोळे. मागं अप्पा, नवा फेटा बांधून, लढाई जिंकून आल्यासारखे.

"आई!" ताई ओरडली.

"थांब थांब, तू कामून आलीस?" मी आडवा गेलो.

"कामून म्हणजे?" घोंगडं बोललं. "तूच सांगितलास ना, बीटा जाड कापडानं अडतोय? हे साधं कापड हाय का? घोंगडं हाय. त्यातबी दोन, तुझ्या अप्पानं कालच एकाला एक शिवलेत."

आमच्यात घोंगड्याचं म्हणजे असं, की ते देवाखाली अंथरतात. सुतकात असो, बाळंतपणात असो, लोकरीला विटाळ लागत न्हाई. कापूस बाटतो, लोकर बाटत न्हाई. त्यामुळं आई तसं बोलली आणि मांडवातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी मान हलवली. सिद्धव्वानंसुद्धा. "घोंगड्यातनं काय जात न्हाई," ती म्हणली, "आमच्या संतपुरातबी तसंच हाय. येऊ दे तिला."

आई दोन पावलं पुढं आली. माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं.

"गामा!" मी ओरडलो. "आई, मागं सर! गामा राहिला!"

"कोण राहिला?" मोठीआईनं दाराकडं बघितलं. "पत्रिका पोचली न्हाई व्हय त्यांना?"

आई थांबली. मी हात जोडलो. सगळ्यांसमोर. "माझं चुकलं. मी तुला दोनच तऱ्हा सांगितलो. तिसरी हाय, गामा. बीटा तर तुझ्या गळ्याबाहेरच येत न्हाई, आतल्या आतच काम करून मरतोय. त्याला घोंगडंबी लागत न्हाई. पण मेंढराचं शेरडू झालं की वाडगं बेचैन होतंय. ते शांत होताना एक किरण सोडतंय. त्यात जनावर कमी होत न्हाई, जास्ती होत न्हाई, नावबी बदलत न्हाई. पण त्यो किरण घोंगड्यातनं आरपार जातो."

"लोकरीतनं?"

"लोकरीतनं, पत्र्यातनं, आपल्यातनं. पोटातल्या लेकरातनंबी."

आईचे डोळे माझ्यावर. इतकं वाईट मला नापास झालो तवाबी वाटलं नव्हतं.

मंग अप्पा बोलले. हळू.

"ओरडणं हाय ते."

"काय?"

"वाडग्यात जनावर बदललं की पूर्ण वाडगं ओरडतंय. बसायला जागा मिळंपर्यंत ओरडतंय. मोजणी तेवढीच राहते." अप्पा पाहुण्यांकडं वळून सांगायले, जसं काय त्यांनीच हे शोधून काढलंय. "आणि ओरडणं कुपाटीनं अडत न्हाई, घोंगड्यानंबी अडत न्हाई. जगदे, मागं सर."

गंमत बघा, मेंढराचं शेरडू होतंय ह्यावर त्यांचा अजूनबी विश्वास न्हाई. पण गामा त्यांना एका दमात कळला. मला तीन व्हिडिओ लागलते.

आई मागं सरली. एकेक पाऊल. मी मोजत होतो. मांडवाच्या शेवटच्या खांबाला जाऊन टेकली. घोंगड्याच्या आतनं नाक ओढल्याचा आवाज आला.

मोठीआईनं ताट उचललं. "मंग भरू का मी? वेळ जायलाय."

"मोठीआई, ठेव ते ताट," ताई म्हणली. पाटावर बसल्या बसल्या, एकदम आईच्या आवाजात. "आई भरल्याशिवाय मी उठणार न्हाई. बसून राहते इथंच. नववा लागू दे, बाळंतीण हू दे."

"आगं पण तिला जवळ येता येत न्हाई."

"लांबून भरंल."

"लांबून ओटी कशी भरतात? फेकून मारतात का तांदूळ? कोंबड्यांना टाकल्यासारखं?"

सिद्धव्वानं वर बघितलं. ऊन मांडवावर पार चढलतं. "जे काय करायचं ते बारा वाजायच्या आत करा," ती म्हणली. "लांबून का जवळून, ते मला म्हाईत न्हाई. पण तांदूळ पदरातच पडले पाहिजेत. पाचही ओंजळी."

अप्पा मांडवाबाहेर गेले. लिंबाला आकडी टेकवलेली होती, बाभळीच्या फांद्या ओढून मेंढरांना घालायचा लांब बांबू, टोकाला कोयता. अप्पांनी कोयता सोडला. आतनं सूप आणलं. सूप बांबूच्या टोकाला सुतळीनं बांधलं, तीन गाठी मारल्या, ओढून बघितलं. बांबूचं दुसरं टोक आईपासून चार पावलांवर ठेवलं आणि बाजूला झाले.

मी तवर दवाखान्याला फोन लावलो. कागदावर नंबर होता, अडचण आली तर करा म्हून. एक मुलगी बोलली, हैदराबादी.

"क्या हुआ भई? पेशंट कैसी है?"

"पेशंट अच्छी है. प्रेग्नंट बेटी को चावल डालना है. दूर से."

"काहे से डालरे?"

"बांबू से."

मंग म्हणली, "कित्ता लंबा बांबू है?"

"बारा फूट. चावल को पेशंट हाथ नहीं लगाएगी."

"अंतर चौपट किए तो सोलहवां हिस्सा मिलता, मालूम ना?"

"मालूम मॅडम! तीन फुटावर जेवढं..." मी मराठीतच चालू झालो. आयुष्यात कुणीतरी मला येतंय तेच इचारलतं.

"बस बस. दो-चार मिनट में डाल के पीछे ले जाव. और सुनो भई, मेरेकु वीडियो भेजना."

मी हात वर केलो. "भरा!"

आईनं घोंगडं टाकून दिलं. आत हिरव्या काठाचं लुगडं, केसात गजरा. म्हणजे तिला येऊ दिलं नसतं तरी ती शेतात एकटी नटून बसलेली असती. तिनं बांबू उचलला. अप्पांनी सुपात पहिली ओंजळ टाकली, वर हळकुंड, सुपारी. सूप हवेत डुलत डुलत निघालं. बायका खाली वाकल्या. लेकरं खालनं पळायली.

पहिली ओंजळ सिद्धव्वाच्या मांडीवर.

"ही धरायची न्हाई," सिद्धव्वा म्हणली.

दुसऱ्यांदा सूप ताईच्या डोक्यावर जाऊन थांबलं, आईनं मनगट वळवलं, ताईनं पदर पसरून अंदाज घेतला, आणि पडले. पदरात. मांडवात कल्ला झाला. "एक!" कुणीतरी ओरडलं. मंग सगळाच मांडव मोजायला. दोन. तीनला हळकुंड मोठीआईच्या नथीला लागलं. ते आईनं मुद्दाम केलं का न्हाई, मी सांगू शकत न्हाई. चारला ताई इतकी हसायली की पोट धरून बसली, सूप तिच्यासाठी वर थांबून राहिलं.

नारळाचं काय करावं कुणाला सुचंना. नारळ सुपातनं डोक्यात पडला तर कुबसा राहिला बाजूला. शेवटी मोठीआईच उठली. "आण इकडं," ती म्हणली. सुपातला नारळ तिनं दोन्ही हातानं काढला आणि ताईच्या ओटीत ठेवला. आईकडं न बघता म्हणली, "हा तिचाच हाय. मी नुसता उतरवला."

आईनं मानेनं एवढंसं केलं. आमच्या घरात त्याला लई मोठं समजतात.

पाचवी ओंजळ नीट गेली. थोडी पदरात, थोडी डोक्यात.

सिद्धव्वानं पदरात हात घालून बघितलं, पाच सुपाऱ्या मोजल्या. "झाली," ती म्हणली. "पहिली ओटी आईची झाली. चला, आता बाकीच्या या."

चार मिनिटं होत आलती. मी आईला खूण केलो. तिनं बांबू खाली ठेवला, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि शेताकडं वळली. ताई मागनं ओरडली, "आई, सगळे तांदूळ केसात गेलेत गं!"

"राहू दे," आई वळून न बघता म्हणली. "झटकू नको."